सरूबाईच्या गाढवांची सोयरीक

भाईंदरात भूतदया मंडळ स्थापन झालं ते गाईंसाठी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मंडळाच्या आवारात जे उभं असायचं ते बघून नव्या माणसाचा गैरसमज होई. सन सहासष्टच्या पाडव्याला, स्टेशनच्या पश्चिमेला वस्ती संपून मिठागरं सुरू होतात त्या जागी अमृतशेठनी नारळ फोडला. अमृतशेठ धान्याचे व्यापारी. कुठला माल टिकतो आणि कुठल्याला कीड लागते याची त्यांना चांगली पारख. गाईच्या पुण्याला कीड लागत नाही, असं त्यांनी सभेत सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. पत्र्याचा लांबलचक गोठा झाला, सिमेंटच्या गव्हाणी झाल्या, दारावर बाळकृष्णाचं चित्र झालं. आता फक्त गाय यायची राहिली.

गाय काही येईना. दुभती गाय कोण मंडळाला देतो? आणि भाकड झालेली गाय कुठं जाते, हे भाईंदरात कुणी कुणाला विचारत नसे. सहा महिने गव्हाणी कोऱ्या राहिल्या. मग ग्रामपंचायतीनंच मंडळाची भूतदया कामाला लावली. पंचायतीचा एक कोंडवाडा होता आणि तो भटक्या गाढवांनी भरला होता. घोडबंदरच्या रस्त्याला वीटभट्ट्या होत्या. पावसाळ्यात भट्ट्या बंद, आणि चार महिने गाढवांना बसून कोण खायला घालणार? म्हणून मालक त्यांना मोकळी सोडून देत. दिवाळीनंतर धडधाकट असतील तेवढी हुडकून परत नेत. ज्यांची पाठ सडली, खूर फाटला, डोळे गेले, त्यांना कुणी ओळख दाखवत नसे. अशी तीन गाढवं पंचायतीनं ‘तात्पुरती’ म्हणून मंडळाकडे धाडली. पुंडलिक मास्तरांनी पुढे सरूबाईला ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यात तात्पुरती हा शब्द दोनदा आला. त्यावरूनच सरूबाईनं ओळखलं, ही आता इथून हलत नाहीत.

मास्तर मंडळाचे चिटणीस. शाळेतून निवृत्त झाले होते, पण भाषेतून झाले नव्हते. आणि सरूबाई म्हणजे मंडळाची झाडूवाली, पाणीवाली, राखणदार, आणि गोठ्यात काही वाईट घडलं तर जबाबदार धरायची व्यक्ती.

सरूबाईचं माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती भाईंदरला आली. स्थळ आणणाऱ्यानं गावी सांगितलं होतं की मुलगा सरकारी तुरुंगावर नोकरीला आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. नवरा राघो पंचायतीच्या त्या कोंडवाड्याची राखण करी. कैदी चार पायांचे होते, एवढंच. राघो स्वभावानं गरीब. कुणाची म्हैस सोडवायला बाई रडत आली की त्याचेच डोळे आधी भरत. चौसष्ट साली तो छातीच्या दुखण्यानं गेला. पंचायतीनं दोन मिनिटं उभं राहून दुःख व्यक्त केलं आणि बसल्यावर त्याची जागा सरपंचांच्या भाच्याला दिली.

पोटी मूल नव्हतं. सरूबाई मिठागरावर जाऊ लागली. डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहून वाहून टाळूवरचे केस गेले, पायाच्या भेगांत मीठ बसलं. दोन-अडीच वर्षांनी मंडळाला माणूस हवं झालं. गाढवांची लीद काढायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा मास्तरांना आठवण झाली की दिवंगत राघोच्या पत्नीवर आपण उपकार करायला हवेत.

गाढवांवर तिचा जीव जडला वगैरे जे पुढे मंडळाच्या अहवालात छापून आलं, ते मास्तरांचं. ती सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावायची, हात जोडायची आणि कामाला यायची. जखमेवर माशा बसलेलं जनावर समोर असलं की आपल्याला घास जात नाही, एवढंच तिला कळे. मग ती कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, करंजेलात हळद कालवून लावायची, किडे पडले असले तर तंबाखूची पूड भरायची. लाथा खायची. दोन शिव्या द्यायची, परत लावायची. तीन-चार महिन्यांनी जनावर उभं राही आणि मंडळाचे सभासद लांबूनच म्हणत, “छान, छान.”

नावं ठेवायला मास्तरांची हरकत होती. नावं ठेवली की ती राहिली, असं त्यांना वाटे. म्हणून सरूबाईनं नावं न ठेवता ज्या वारी जे आलं तो वार लक्षात ठेवला. थोरला सोमा, धाकटा सोमा, मंगळी, बुधी, शुक्री, असे एकाहत्तर सालापर्यंत नऊ जण जमले. रविवारी कुणीच आलं नव्हतं, कारण रविवारी पंचायतीला सुट्टी.

त्या साली अमृतशेठनी मोठं काम केलं. मुंबईचे एक वजनदार पाहुणे गोकुळाष्टमीला गोशाळेचं उद्घाटन करतील, असं कबूल करून घेतलं. आता पाहुण्यांना गोशाळेत काय दाखवायचं हा प्रश्न होता. गाईंची सोय नंतर बघता आली असती, पण गाढवांची आधी बघायला हवी होती. सभा झाली. कुणी म्हणालं लिलाव करा. मास्तर म्हणाले, भूतदया मंडळानं लिलाव करणं शब्दाला शोभत नाही. गाढवं इच्छुकांना दत्तक द्यावीत. गोकुळाष्टमीपर्यंत जी उरतील त्यांचं मग बघू.

‘मग बघू’ म्हणजे काय, हे सरूबाईला माहीत होतं. ती सभेच्या दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, “द्या. पण घर बघितल्याशिवाय मी एकालाही हलवणार नाही.”

“घर कशाला बघायचं? गाढव द्यायचंय, मुलगी नाही.” अमृतशेठ म्हणाले.

“मुलीला निदान परत यायला माहेर असतं, शेठ.”

मास्तरांना हे वाक्य आवडलं. शिवाय बघायला जायचं काम दुसऱ्या कुणावर येत नव्हतं, म्हणून ठराव मंजूर झाला. स्टेशनच्या रस्त्यावर फळा लागला आणि भाईंदरच्या लोकांची दया किती तऱ्हेची आहे ते सरूबाईला समजलं.

पहिल्या आल्या त्या एक बाई. नातवाला डांग्या खोकला झाला होता आणि त्याला गाढविणीचं दूध हवं होतं. “रोज चमचाभर पुरे. गाढवीण तुमच्याकडेच राहू दे. घरी कुठं ठेवणार, आमच्याकडे चांगली माणसं येतात.” सरूबाईनं मंगळीचं दूध वाटीत काढून दिलं. दत्तक काय घेतलं, हे त्या बाईंनाही कळलं नाही.

दुसरे आले ते पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ. त्यांना मिरवणुकीसाठी गाढव पाहिजे होतं, गळ्यात विरोधकाच्या नावाची पाटी घालायला.

“मिरवणूक झाल्यावर ते कुठं राहणार?” सरूबाईनं विचारलं.

“बाई, आधी निवडून तर येऊ दे.”

“निवडून आलेला परत फिरकत नाही असं ऐकलंय. गाढवानं फिरकायचं कुठं ते विचारतेय.”

तरुण मंडळातली पोरं धुळवडीसाठी मागायला आली. धुळवडीला सात महिने होते, पण त्यांना आगाऊ नोंदणी करायची होती. एक गृहस्थ आले ते आपल्या बाथरूममधलं सांडपाणी गाढव पितं का, एवढंच विचारून गेले.

सरूबाई मात्र गंभीरपणे घरं बघत हिंडली. गावी नणंदांची स्थळं जशी बघितली तशीच बघायची. दारात सावली आहे का, विहिरीचं पाणी गोड की मचूळ, घरातली माणसं कुत्र्याशी कशी बोलतात. पाणी मागून घ्यायची आणि तांब्या कोण आणतं ते बघायची. आणि एकटं जनावर द्यायचं नाही, जोडीच द्यायची, कारण एकटं गाढव भिंतीकडे तोंड करून उभं राहतं आणि खायचं सोडतं. या सगळ्याला उतरलं ते एकच घर, रंभाबाईचं. रंभाबाई राई गावची, भाजीच्या वाफ्यांवर राबणारी. ती आली आणि कुणाशी न बोलता आधी दोन गाढवांचे खूर उचलून बघितले. “वांग्यांच्या टोपल्या जेमतेम बाजारापर्यंत न्यायच्यात,” म्हणाली. सरूबाईनं दोघांच्या कपाळाला हळद लावली आणि निघताना आपलेच डोळे पुसले. मग गोठ्यात येऊन उरलेल्या सातांना ओरडली, की असे का बघताय.

श्रावण लागला. गोकुळाष्टमी जवळ आली. आणि मंडळाच्या दारात दाजीशेठ उतरले.

दाजीशेठ भाईंदर गावातल्या जुन्या आगरवाल्या घरातले. वाडवडिलांची मिठागरं होती, भातशेती होती. दाजीनं वरसाव्याच्या बाजूला वीटभट्टी टाकली आणि ती चांगली पेटली. त्यांनी मंडळाच्या कार्यालयात बसून सांगितलं, “सगळी सातही मी घेतो. मुकी जनावरं आहेत. वरसाव्याच्या माळावर मोकळ्या हवेत राहतील.”

अमृतशेठना गहिवरून आलं. मास्तरांनी तिथल्या तिथे ठरवलं की अशा माणसाचा सत्कार व्हायला हवा. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र लिहायची संधी मास्तरांना फार दिवसांत मिळाली नव्हती.

दाजीशेठ माल बघायला गोठ्यात आले. त्यांचा आवाज ऐकताच सातांपैकी पाच जणांनी त्यांच्याकडे पाठ केली. त्या पाचही जणांच्या डाव्या कानाला दोन चिरा होत्या. भट्टीवाले आपली गाढवं ओळखायला कान कापतात, प्रत्येकाची खूण वेगळी. दोन चिरा कुणाच्या, हे भाईंदरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं.

“काय सरूबाई, बरं आहे ना? राघोच्या वेळची ओळख आपली.”

“ओळख आहे म्हणूनच विचारते, शेठ. ही कान कापलेली कुणाची?”

“आता कोण सांगणार? मुकं जनावर. बोलत नाही.”

“कान बोलतोय की.”

दाजीशेठ हसले. त्यांनी धाकट्या सोम्याच्या पाठीवर थाप मारून बघितली. दीड वर्षापूर्वी त्या पाठीत बोट जाई इतकं भोक होतं. आता तिथे केस उगवले होते. “चांगली सुधारलीस गं,” ते म्हणाले, आणि त्यांचं कौतुक खरं होतं. चार वर्षं दुसऱ्याच्या तेल-हळदीवर पोसलेली गाढवं फुकट परत मिळत होती. दिवाळीपर्यंत माळावर गवत होतं, दिवाळीनंतर भट्टी होती.

“शुक्री आंधळी आहे,” सरूबाई म्हणाली. “तिला कशाला नेताय?”

“चिखल तुडवायला आंधळंच बरं. गोल फिरायचं. त्यात बघण्यासारखं काय आहे?”

हे ते हळू बोलले. कार्यालयात परत गेल्यावर पुन्हा मोकळ्या हवेबद्दल बोलले.

सरूबाई मास्तरांकडे गेली. “मास्तर, हा माणूस स्वतः टाकलेलंच परत मागतोय.”

“पश्चात्ताप झाला असेल. माणूस बदलतो, सरूबाई.”

“भट्टी पेटायच्या आधी बरोबर बदलतो.”

“आपल्याजवळ पुरावा काय? आणि त्यांचा अर्ज एकमेव आहे.” मास्तर मानपत्रातला एक शब्द शोधत होते. तो सापडल्यावर त्यांनी तिला सत्काराची तारीख सांगितली. नागपंचमीनंतरचा दुसरा दिवस, कारण इतर दिवस कुणा ना कुणाला अडचणीचे होते. मंडळात सगळे पुरुष. तो दिवस शिळासप्तमीचा, शीतलादेवीचा आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही. शिळासप्तमीचा त्यांना एवढाच अनुभव की त्या दिवशी ताटात सगळं गार येतं आणि विचारलं तर बायको रागावते.

सरूबाईच्या हातात एकच हक्क होता, घर बघायचा. ठरावात तो लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुतलेलं लुगडं नेसून दाजीशेठच्या घरी गेली.

दाजीशेठ भट्टीच्या कामाला बाहेर गेले होते. ओटीवर त्यांची आई आनंदीबाई तांदूळ निवडत बसली होती. सत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी अधू, पण घरात शब्द तिचा. मागच्या परसात कडुलिंबाखाली एक छोटी घुमटी दिसत होती. आत शेंदूर लावलेली देवी आणि भिंतीला चौकटीतलं चित्र. शीतलादेवी, हातात केरसुणी आणि कलश, बसलेली गाढवावर.

“कोन गो बाय तू?”

“मी मंडळातली सरू. तुमच्या लेकानं आमची सात गाढवं मागितलीत, आजी. द्यायच्या आधी घर बघायची आमची रीत आहे.”

म्हातारीचा हात सुपात थांबला. “दाजीन मागितली? आपल्या तोंडान?”

“अर्ज आहे. खाली सही आहे.”

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. सरूबाई घाबरली, काही चुकीचं बोलले की काय. पण म्हातारी रडत होती ती वेगळ्याच कारणानं.

“आठ वर्सं झाली. मना वाटला, इसरला माझा पोऱ्या.”

मग तिनं सांगितलं. त्रेसष्ट साली नातवाला देवी आल्या. अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती. तेव्हा म्हातारीनं या घुमटीपुढे नवस बोलला की पोर उठलं तर देवीचं वाहन दारात बांधीन, त्याला घास भरवीन, त्याच्याकडून काम घेणार नाही. दाजी स्वतः ओल्या पंच्यानं उभा राहून तेच बोलला. पोर उठलं. तोंडावर वण राहिले, पण उठलं, आता इंग्लिश शिकतंय. नवस मात्र दर साली पुढच्या सालावर गेला. कधी भट्टीचं काम, कधी कोर्टाची तारीख.

“आनि आता सात? एक बोललेलो आमी. व्याज धरून फेडतो जनू.”

गाढवं नवसासाठी नाहीत, असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठापर्यंत आलं. चहाचा कप हातात होता. तिनं एक घोट घेतला आणि ते वाक्य चहाबरोबर खाली गेलं.

“विटा त लॉरीनं जातात म्हनतो दाजी,” म्हातारीनं विचारलं. “भट्टीवर न्हाय ना नेनार त्यांना? नवसाच्या वाहनावर ओझा घालत न्हाय.”

“ते मला कसं ठाऊक असणार, आजी? त्यांनाच विचारा. शिळासातमीला मंडळात त्यांचा सत्कार आहे. सगळी मोठी माणसं असतील.”

“नवस फेडला म्हनून सत्कार?”

“मंडळ करतंय.”

“आता काय काय करतील,” म्हातारी म्हणाली, पण तिला बरं वाटलेलं दिसत होतं. “मी येनार. घोडागाडी सांगते. वाहनाला घास घरच्या मानसानंच भरवायचा असतो.”

निघताना सरूबाई परसात गेली. घुमटीपुढे वाकली. आई, तिनं मनात म्हटलं, मी खोटं बोलले नाही. खरंही पुरतं बोलले नाही. पाप असेल तर माझ्या नावावर घाल, पण त्या सात जणांना भट्टीवर पाठवू नको.

सत्काराच्या दिवशी गोठ्यासमोर मांडव घातला होता. चिखलावर पेंढा पसरला होता. पाहुण्यांना चहा द्यायचा होता, पण आजूबाजूच्या एकाही घरात चूल पेटेना. बायका म्हणाल्या, आज चुलीला हात लावत नाही. मास्तरांनी ‘समयोचित अडचण’ असा शब्द वापरून लोकांना पाणी दिलं. अमृतशेठ बोलले. मास्तरांनी मानपत्र वाचलं. त्यात ‘करुणेचा महासागर’ होता आणि ‘पशूंचा कैवारी’ दोनदा. दाजीशेठ शाल पांघरून, मान एका बाजूला करून बसले होते. करुणा अशीच बसते असं त्यांनी कुठंतरी पाहिलं असावं. सही करून झाली. सात गाढवं त्यांची झाली.

तेवढ्यात घोडागाडी येऊन थांबली. आतून आनंदीबाई उतरली, तिच्यामागे गल्लीतल्या पाच-सहा बायका. हातांत डबे. आदल्या दिवशीच्या पुऱ्या, दहीभात, काकडीचं सांदण. म्हातारी सभेकडे न बघता काठी टेकत थेट गाढवांकडे गेली. थोरल्या सोम्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं आणि दहीभाताचा घास पुढे केला. गाढवं आयुष्यात पहिल्यांदा इतकी शहाण्यासारखी वागली. बायकांनी सातही जणांना ओवाळलं. आंधळ्या शुक्रीपाशी म्हातारी जरा जास्त वेळ उभी राहिली. तिचा कान चाचपला. चिरांवरून बोट फिरवलं. इतकी वर्षं ती भट्टीवाल्याच्या घरात राहिली होती. भट्टी तिनं बघितली नव्हती, पण आपल्या घरची खूण तिला कळत होती.

मग ती सभेकडे वळली. अमृतशेठना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या.

“माझ्या पोऱ्यान देवीचा नवस फेडला,” म्हातारी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण टाळ्या थांबल्या. “नातू उठला तवा बोललेलो. देवीचं वाहन दारात बांधू, काम घेनार न्हाय. सगल्यांनी ऐका. आता यांच्या पाठीवर कुनी एक वीट ठेवली, त ती माझ्या नातवाच्या पाठीवर ठेवली.”

दाजीशेठची मान सरळ झाली. “आई, घरी बोलू आपण.”

“घरी कशाला? शाल इथं दिली, मानसा इथं हायेत. वीट ठेवनार का तू, दाजी?”

मांडवात सगळ्या बायका बघत होत्या. पुरुष आपापल्या बायकांकडे बघत होते. शिळासप्तमीच्या दिवशी पोराच्या जिवाची शपथ घातलेली. अशा वेळी नाही म्हणणारा बाप भाईंदरात त्या दिवशी तरी नव्हता.

“नाही ठेवणार,” दाजीशेठ म्हणाले.

मास्तरांनी हळूच खिशातून पेन काढून मानपत्रात ‘वचननिष्ठ’ घातलं.

सातही गाढवं वरसाव्याच्या माळावर न जाता दाजीशेठच्या परसात गेली. म्हातारीला ती डोळ्यांसमोर हवी होती. गोकुळाष्टमीला पाहुणे आले. रिकाम्या, धुतलेल्या गोशाळेत एक गाय उभी होती. ती अमृतशेठच्या मेहुण्यांची. फोटो काढून झाल्यावर संध्याकाळच्या धारेच्या आत तिला परत पोचवलं. त्यानंतर मंडळानं सरूबाईला कळवलं की गाढवंच राहिली नसल्यानं तिच्या सेवेची आवश्यकता उरली नाही. मास्तरांनी हे इतक्या सुंदर भाषेत लिहिलं होतं की दुसऱ्याकडून वाचून घेताना आधी तिला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. आनंदीबाईनं तिला त्याच दिवशी बोलावून घेतलं. जनावरांची सवय असलेलं माणूस घरात दुसरं नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी दाजीशेठ परसात आले. सरूबाई खूर साफ करत होती.

“मंडळाला सांग ना, परत घ्या म्हणावं. चार तरी. मी वर्गणी देतो.”

“मंडळाच्या हातात काय आहे, शेठ? अर्ज देवीकडे करायला हवा. तिचं ऑफिस तुमच्याच परसात आहे.”

दाजीशेठनी घुमटीकडे बघितलं. तिथे आईनं नुकतीच फुलं वाहिली होती. ते गेले आणि भट्टीसाठी आठ नवी गाढवं घेऊन आले. नवस सात जणांपुरता होता. आठव्यापासून पुढे ते मोकळे होते, असा त्यांचा हिशेब.

सरूबाईला आठवडाभर झोप लागली नाही. सात वाचवून आपण आठ जणांना त्यांच्या जागी उभं केलं, असं तिला वाटत राहिलं. शेवटी तिनं म्हातारीला सगळं सांगितलं. गाढवं कशासाठी मागितली होती, आंधळी कशाला हवी होती, आणि आपण चहा पिताना काय गिळलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

“मना कान बघितल्यावरच कललेला,” ती म्हणाली. “तू सांगशील म्हनून वाट बघत होते. घोडागाडी बोलव.”

आयुष्यात पहिल्यांदा आनंदीबाई भट्टीवर गेली. मुकादमानं धावत जाऊन खुर्ची आणली. ती बसली आणि तासभर बघत राहिली. नवी गाढवं मातीची ओझी घेऊन येत होती, जात होती. एकाच्या पाठीवरचं गोणपाट तिनं सरूबाईला उचलायला सांगितलं. खाली जे होतं ते बघितलं. लेकाला काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आईला उन्हात भट्टीवर बसवतो, अशी कुजबुज गावात सुरू झाली. चौथ्या दिवशी दाजीशेठनी विचारलं, “तुला पाहिजे काय, आई?”

ओझं निम्मं, जखम असेल त्याला काम नाही, पावसाळ्यात सोडायचं नाही आणि मंगळवारी सुट्टी. हे सगळं काही एकदम मिळालं नाही. मंगळवार त्या हिवाळ्यात मिळाला, पावसाळ्याचं दोन वर्षांनी मिळालं, निम्म्या ओझ्याचं म्हातारी असेपर्यंत चाललं आणि ती शहात्तर साली गेल्यावर त्याचं पाऊण झालं. मलमपट्टीला सरूबाई जातच राहिली. तिला कुणी मानपत्र दिलं नाही. ते ऐकत बसावं लागलं नाही, हेही बरंच झालं.

पहिल्या मंगळवारचं मात्र सांगायला हवं. आनंदीबाई आपल्या खुर्चीत बसली होती, सरूबाई तिच्याशेजारी होती. गाढवं सावलीत उभी होती आणि भट्टीवरची माणसं उन्हात विटा लावत होती. त्यांना सुट्टी कुठल्याच वारी नव्हती. त्यातला एक मजूर बराच वेळ गाढवांकडे बघत राहिला. मग त्यानं डोक्यावरची चुंबळ काढली आणि आणखी चौघांना घेऊन दाजीशेठपुढे उभा राहिला.

“शेठ, मंगळवारचं आमचंही बघा.”

“माझ्या हातात काही नाही,” दाजीशेठ म्हणाले. “आईला विचारा.”

ते पाचही जण पाय धुऊन, अंगावरची माती झटकून खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. सरूबाईनं बाजूला सरून त्यांना जागा करून दिली.